पेरूच्या झाडावरची डिस्क

नीळकंठ देवपुजारींना काहीही वाया गेलेलं बघवत नसे. शेजाऱ्याचा नळ ठिबकताना ऐकू आला तर हे गृहस्थ विचारल्याशिवाय आत शिरून तो पिळून बंद करून यायचे. कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तिथल्या सूचना-योजनेत, म्हणजे कुठे किती तांबं वाचेल, कुठे किती पुठ्ठा वाचेल ते लिहून द्यायचं आणि बक्षीस घ्यायचं त्या योजनेत, त्यांना लागोपाठ चार वर्षं प्रशस्तिपत्रक मिळालेलं. चारही प्रशस्तिपत्रकं भोपाळच्या पिपलानीतल्या क्वार्टरच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्याच्या वर, ओळीने टांगलेली. त्यांची बायको उषा म्हणायची, "यांना स्वर्गात नेलं ना, तर आधी तिथले दिवे मालवतील."

माणूस वाईट नव्हता हो. पण शहाणपणाचा कागद एकदा भिंतीवर लागला, की माणूस सगळ्या जगाकडे बघताना आधी कात्रीच शोधतो. आणि इन्स्पेक्शनवाल्यांचा एक लाडका शब्द असतो: कंडम. काम बिघडलेलं असलं की त्यावर लाल रंगाने एवढं लिहायचं, 'कंडम', आणि पुढे ढकलायचं. पुढे त्याचं काय झालं ते कोणी बघत नाही. नीळकंठरावांनी तीस वर्षं हा शब्द लिहिला होता. पाणी प्यावं इतका सहज.

आता गोष्ट त्या नाटकाची. दोन हजार सहा सालच्या गणपतीत टाउनशिपच्या महाराष्ट्र मंडळाने तीन अंकी नाटक बसवलं. मंडळातल्याच एकाने लिहिलेलं. नीळकंठरावांना नवरीच्या बापाचं काम. आणि प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभे शेजारच्या क्वार्टरचे गोविंदराव पांढरीपांडे. गोविंदराव कधी कुठे पुढे यायचे नाहीत. लग्नकार्यात कोठीघरात, पूजेत प्रसादाच्या पातेल्यापाशी, नाटकात विंगेत. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात लग्नामुंजीची कॅसेट असायचाही प्रश्न नव्हता. ते आणि त्यांची बायको, प्रमिलावहिनी, एवढाच संसार.

तिसऱ्या अंकात वरपक्ष रुसून निघतो. नवरीच्या बापाने दारात आडवं येऊन म्हणायचं, "थांबा. चहा ठेवलाय. तो घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही." एवढंच वाक्य, पण सगळं नाटक त्याच्यावर टेकलेलं. नीळकंठराव दारात आडवे आले आणि तोंड उघडून तसेच उभे राहिले. डोकं कोरी पाटी! वरपक्ष बिचारा जाता जाईना, थांबता थांबेना. तेवढ्यात विंगेतून गोविंदराव खच्चून ओरडले, "थांबा! चहा ठेवलाय!"

हॉलभर हशा पिकला. पुढचं वर्षभर शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या खात्यात, जो येई तो म्हणे, "देवपुजारी साहब, रुकिए, चाय रखी है." नीळकंठराव वरवर हसत. आत मात्र एक गोष्ट सलत राहिली: गोविंदराव मुद्दाम ओरडले. हळू सांगता आलं नसतं का? हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. कुंपणावरून कढीपत्त्याची देवाणघेवाण चालू राहिली. पण मनात गाठ बसली ती बसलीच.

नाटकाचं शूटिंग जवाहर चौकातल्या एका व्हिडिओवाल्याने केलं होतं. पोरगा हौशी. त्याने डीव्हीडीला झोकदार मेनू केला. म्हणजे डिस्क लावली की नाटक सुरू व्हायच्या आधी जो पडदा येतो ना, 'पहिला अंक, दुसरा अंक' असं निवडायचा, तो. त्याच्या मागे सनई, आणि पडद्यामागची हलती चित्रं: कोणी मिशी चिकटवतंय, कोणी लुगडं सावरतंय, आणि विंगेत वही धरून उभे गोविंदराव. कॅमेरा जवळ येतो तसे ते आधी चष्म्यावरून बघतात, मग हाताने 'हट, हट' करतात आणि मग खुदकन हसतात. अगदी लहान मुलासारखे. मग पुन्हा सनई, पुन्हा मिशी, पुन्हा गोविंदराव.

या थाटामाटापायी सगळा ऐवज साध्या डिस्कमध्ये मावेना. म्हणून व्हिडिओवाल्याने दोन थरांची डिस्क वापरली आणि ती एकच प्रत मंडळाला दिली. मंडळाच्या हॉलमध्ये ती लावली, तर चिटणीसांना भाषणाची उबळ आली. पाऊण तास कोणी बटण दाबलं नाही आणि मागे पडद्यावर मेनू फिरत राहिला. गोविंदराव हसताहेत, हसताहेत, हसताहेत. प्रमिलावहिनी पदराआड हसून बेजार झाल्या होत्या. नीळकंठराव मात्र खुर्चीत चुळबुळत होते. केवढी ही जागेची नासाडी!

ती डिस्क टाउनशिपमधल्या अर्ध्या प्लेअरवर चालेना. दुसरा अंक आला की अडकायची. मग चिटणीस म्हणाले, "देवपुजारी, तुमच्याकडे कम्प्युटर आहे. साध्या डिस्कवर घरोघरच्या बावीस प्रती करून द्या." नीळकंठराव कंबर कसून बसले. हिशेब सरळ होता. साध्या डिस्कमध्ये बसवायचं तर नाटक तरी दाबायचं, म्हणजे चित्र फुटणार, नाहीतर मेनू कापायचा. त्यांनी मेनू कापला. सनई उडवली, हलतं चित्र उडवलं. त्याजागी एकच स्थिर चित्र ठेवायचं होतं, आणि कुठलं ठेवायचं ते सॉफ्टवेअर विचारत होतं. त्यांनी चित्रं एकेक करून पुढे सरकवली. मिशी. लुगडं. मग गोविंदराव आले, हात वर, तोंड उघडं, हसू फुटायच्या बेतात.

तिथे नीळकंठराव क्षणभर थांबले होते. हे लक्षात ठेवा, पुढे याच क्षणाने त्यांना खाल्लं. ते थांबले, मनात म्हणाले, 'ओरडायला बरं येतं, आणि वर दात दाखवतोय,' आणि त्यांनी पुढे सरकवलं. शेवटी मखमली बंद पडद्याचं चित्र ठेवलं. नाटक जसंच्या तसं, एक कणही न दाबता, साध्या डिस्कमध्ये चपखल बसलं. बावीस घरी प्रती गेल्या, वाहवा झाली. कम्प्युटरवर जागा अडते म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. आणि ती दोन थरांची डिस्क? ती चालत नाही, आता तिची प्रत झाली, मग काय करायची? त्यांनी लाल मार्करने तिच्यावर लिहिलं 'कंडम' आणि सुतळीने परसातल्या पेरूला टांगून दिली. पोपट येऊन पेरू कुरतडायचे, ते डिस्कच्या लखलखाटाने बिचकतात म्हणे. वाया काही गेलं नाही, याचं त्यांना केवढं समाधान!

दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात गोविंदराव शॉपमधून घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि हॉस्पिटलला पोचायच्या आत गेले. रिटायरमेंटला दीड वर्ष होतं.

नोकरीतला माणूस गेला की क्वार्टर काही महिने ठेवता येतं, मग खाली करावं लागतं. प्रमिलावहिनी अमरावतीला भावाकडे जायला निघाल्या. एप्रिलमध्ये सामान बांधायला लागल्या आणि एका सकाळी हातात डिस्क घेऊन देवपुजारींच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, जरा बघता का? मी ही लावून बघितली. यात नुसताच पडदा आहे. यांचं ते हसणं होतं ना, सुरुवातीचं, ते कुठे गेलं?"

नीळकंठरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि पायाखालची जमीन सरकली.

"फोटो आहेत हो यांचे," वहिनी म्हणाल्या. "पण सगळ्यांत कसे, शिक्षा झाल्यासारखे उभे. हलताबोलता माणूस कुठे नाही. ते हसणं तेवढं एकच. भावाकडे जायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहायचं. म्हटलं, एवढं सोबत असलं म्हणजे निभेल."

आता इथे एखाद्याने खरं सांगून टाकलं असतं. एका वाक्याचं काम. पण नीळकंठराव तोंड उघडून पुन्हा तसेच उभे राहिले, आणि या खेपेला विंगेत कोणी नव्हतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "व्हिडिओवाल्यानेच काढलं असेल, वहिनी."

"मग मी जाऊन विचारू का त्याला? जवाहर चौकातच आहे ना?"

"छे छे! तुम्ही कशाला उन्हाच्या? मी जातो."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ते स्कूटर काढून जवाहर चौकात गेले. व्हिडिओवाला आता लग्नाचे अल्बम करत होता. त्याने डोकं खाजवलं. "अंकल, टेप तो दुबारा यूज हो गई. तीन साल हो गए. ओरिजिनल तो मैंने मंडल को ही दिया था. आप ही तो ले गए थे कॉपी बनाने." त्या मुलाने हे इतक्या सरळपणे म्हटलं, की नीळकंठरावांना दुकानातल्या आरशाकडेही बघवेना.

परत आले ते थेट वहिनींकडे. खरं सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं. दार उघडलं आणि ते म्हणाले, "त्याची टेप खराब झाली, वहिनी. त्याच्याकडेही नाही."

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं जातं, हे मेलं कोणी शिकवावं लागत नाही.

वहिनी म्हणाल्या, "बिचारा. त्याचा तरी काय दोष. आणि तुम्ही एवढ्या उन्हाचे माझ्यापायी वणवण फिरलात. बसा, सरबत करते." आणि खरंच केलं. बांधलेल्या सामानातून पुडा सोडून साखर काढली. नीळकंठराव स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. पेला हातात धरून एकेक घोट घेत राहिले.

समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक गोल तुकडा हलत होता. भांड्यांच्या फळीवरून सरकायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा.

"तुमच्या पेरूवरचा कवडसा," वहिनी म्हणाल्या. "पोपट काही जात नाहीत बघा त्याने. पण यांना फार आवडायचा. सकाळचा चहा घेताना म्हणायचे, 'आला बघ नीळकंठाचा दिवा.'"

नीळकंठरावांनी पेला खाली ठेवला. काय बोलले ते त्यांनाही आठवत नाही. कुंपण ओलांडून आपल्या परसात आले, पेरूवरची सुतळी दाताने तोडली आणि डिस्क शर्टाखाली लपवून घरात आणली. आपल्याच घरात, आपलीच डिस्क, लपवून! साबणाने धुतली, मऊ कपड्याने पुसली, कम्प्युटरमध्ये घातली. ड्राइव्ह घुरघुरला, थांबला, घुरघुरला, आणि ट्रे बाहेर आला. तीन उन्हाळे भोपाळच्या उन्हात लटकलेली ती. दुसऱ्या दिवशी महाराणा प्रताप नगरात एका कम्प्युटरवाल्याकडे नेली. त्याने उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "इसमें कुछ नहीं बचा, अंकल. धूप में रखी थी क्या?"

घरी आले तर उषा दारात उभी. "प्रमिलावहिनी विचारत होत्या, आज तुमचा दिवा कसा नाही आला म्हणून. कुठे गेली डिस्क झाडावरची?" आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिचा आवाज बदलला. "अहो. तीच का ती?"

त्यांनी मान हलवली.

"आणि त्या बाईला तुम्ही व्हिडिओवाल्याचं नाव सांगितलंत?"

पुन्हा मान हलली.

उषा एरवी तासभर बोलली असती. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "जा आधी. असेच जा. चप्पल काढू नका."

प्रमिलावहिनींच्या घरात आता टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर सोडून सगळं खोक्यात गेलं होतं. ते शेवटच्या दिवशी बांधायचं, त्या म्हणाल्या होत्या; ते हसणं सापडेल अशी उगाच आशा. नीळकंठरावांनी डिस्क त्यांच्यासमोर ठेवली. लाल शाई उन्हाने गुलाबी झाली होती, पण अक्षर वाचता येत होतं.

"कंडम," वहिनींनी वाचलं.

"मी लिहिलंय ते," नीळकंठराव म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. खाली मान घालून, एकेक करत. जागा वाचवली ते. फाइल पुसली ते. झाडाला टांगली ते. व्हिडिओवाल्याचा काडीचा दोष नव्हता ते. एवढं सांगून थांबता आलं असतं. पण आतून काहीतरी ढुसण्या देत होतं, म्हणून तेही सांगितलं: "ठेवायला एक चित्र निवडायचं होतं, वहिनी. गोविंदराव समोर आले होते. हसणारच होते. मी त्यांना ठेवू शकलो असतो. रागाने नाही ठेवलं. ते नाटकात ओरडले होते ना माझ्यावर, त्याचा राग."

वहिनींनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते, तेच वाईट.

"मी त्या पोराला बिचारा म्हटलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सरबत दिलं. तुम्ही ते ऐकून घेतलंत, प्यालात."

"हो."

"जा भाऊजी आता. मला सामान आवरायचंय."

नीळकंठराव उठले. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते दहा पावलांच्या त्या घरात त्यांना कळलं. दारापर्यंत गेले. आणि दारात, जिथे नवरीच्या बापाने आडवं यायचं असतं, तसेच उभे राहिले. एक गोष्ट त्यांना आठवली होती. आठवली आणि पहिला विचार आला तो, ही सांगू नये असा. तीन वर्षांत ते नाटक त्यांनी दहादा लावलं असेल, पण तेवढा तुकडा दर वेळी बटण दाबून पळवला होता. बायकोलाही बघू दिला नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले. "गोविंदराव आहेत त्याच्यात. तुमच्या प्रतीत. दिसत नाहीत, पण आहेत. माझ्या त्या... मी विसरलो तिथे."

वहिनींनी आपली डिस्क प्लेअरमध्ये घातली. मखमली पडदा आला. मुका, स्थिर. नीळकंठरावांनी रिमोट घेतला, तिसरा अंक काढला. वरपक्ष रुसला, उठला, निघाला. दारात एक पागोटेवाला माणूस आडवा आला आणि तोंड उघडून उभा राहिला. स्वच्छ दिसत होता. कपाळावरचा घामाचा थेंब न् थेंब दिसत होता. चित्र कणभरही दाबलेलं नव्हतं ना, कशाने अंधूक दिसणार?

आणि मग ऐकू आलं. अगदी बारीक, स्टेजवरच्या माइकने टिपलेलं. "थांबा. चहा ठेवलाय."

नीळकंठराव चमकले. हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी कानात नुसतं रक्त घुमत होतं, आणि नंतर हा तुकडा त्यांनी कधी चालू दिला नव्हता.

थोडं थांबून पुन्हा, तसंच कुजबुजत, समजावल्यासारखं. "थांबा, नीळकंठराव. चहा ठेवलाय." आणखी थोडं थांबून तिसऱ्यांदा. पडद्यावरचा माणूस ढिम्म. मग ते खच्चून ओरडणं, आणि हशा.

प्रमिलावहिनी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या होत्या. त्यांनी एक हात टीव्हीच्या स्पीकरवर ठेवला होता.

"तीनदा हळू सांगितलं यांनी तुम्हाला," त्या म्हणाल्या. "लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून."

नीळकंठरावांनी नाटक तिथेच थांबवलं.

"रोज संध्याकाळी अस्सेच म्हणायचे हो. कोणी आलं आणि उठायला लागलं की. अस्सेच. थांबा, चहा ठेवलाय." त्यांचा आवाज फुटला आणि मग कोरडे डोळे कोरडे राहिले नाहीत. पदराने नाक पुसत त्या म्हणाल्या, "तुम्ही विसरलात ते किती बरं झालं, भाऊजी. नीट बोलला असतात तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं."

यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर नीळकंठरावांनी हात जोडले असते.

"परत लावा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मागे घेतलं. पागोटेवाला दारात आडवा आला, तोंड उघडून उभा राहिला. या खेपेला नीळकंठरावांनी मान खाली घातली नाही.

"परत."

बाहेर पेरूवर पोपट येऊन बसले होते, आता त्यांना बिचकवायला काही नव्हतं. नीळकंठरावांनी बटण दाबलं, आणि पडद्यावरचे नीळकंठराव पुन्हा विसरले.